मथुरामावशींची एकशे अठ्ठ्याहत्तर बोटं

मथुरामावशींची आणि माझी ओळख एका बोटामुळे झाली. बोट आम्हा दोघींपैकी कुणाचंच नव्हतं.

मी तेव्हा लासलगावजवळच्या एका गावात, सरकारी आरोग्य केंद्रावर नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. वाढले नाशिक शहरात. शेती म्हणजे गंगापूर रोडवरून जाताना दिसणाऱ्या द्राक्षबागा, एवढीच माझी समज. चैत्राचं ऊन रणरणत होतं, गव्हाच्या मळण्या चालू होत्या. दुपारचे बारा वाजले असतील. केंद्राच्या फाटकातून एक पिकअप आत आली आणि मी बघतच राहिले. पिकअपच्या मागच्या हौद्यात बर्फाच्या गोळ्याची अख्खी हातगाडी उभी होती. सरबताच्या बाटल्या, घंटी, छत्री, सगळं जागच्या जागी. आणि तिला मिठी मारून गोळेवाला उभा होता, चेहरा पांढराफटक.

पुढं ड्रायव्हरशेजारी एक माणूस हाताला टॉवेल गुंडाळून कण्हत बसला होता आणि त्याच्या बाजूला एक बाई. साडीवर पुरुषी फुलशर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला पंचा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत बाई जागची हलली नाही. थांबल्यावर मात्र तोफेतून सुटावी तशी माझ्यासमोर आली आणि एक स्टीलचा जेवणाचा डबा तिनं माझ्या हातात कोंबला.

"शिस्टर, हा माणूस त्या डॉक्टरला दे, आन् हे तू धर. बर्फात ऱ्हाऊ दे, पण बर्फ लागू देऊ नको!"

मी डबा उघडला. आत लालभडक बर्फाचा चुरा. मी दचकले.

"रक्त नाय ते," बाई म्हणाली, "रोझ सरबत हाय. ह्या मुडद्याकडं पांढरा बर्फ उरलाच नव्हता."

"शेवटची लादी होती, ताई," हौद्यातून गोळेवाला रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी म्हणलं बर्फ न्या. तर ह्यांनी गाडीच उचलली."

"वाटेत बर्फ वितळला तर आणू कुठून मी? उसाच्या रसातून?"

बर्फात एक घट्ट बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत ओला, स्वच्छ रुमाल. रुमालात काय आहे ते मला कळलं आणि मी डब्याचं झाकण लावून टाकलं. सहा वर्षं नर्सचं काम केलेली मी, पण जेवणाच्या डब्यात माणसाचं बोट मी पहिल्यांदाच बघत होते.

बोट त्या टॉवेल गुंडाळलेल्या माणसाचं, दौलतचं होतं. मळणीयंत्राचा, आमच्याकडे ज्याला हडंबा म्हणतात त्याचा, पट्टा चालू मशीनवर चढवायला गेला आणि उजव्या हाताची तर्जनी गेली. आमच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त थांबवलं, इंजेक्शनं दिली, नाशिकच्या सर्जनला फोन केला आणि दौलतला डब्यासकट ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. मग ते बाईंकडे वळले.

"बोट असं आणायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

बाईनं आपला डावा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती.

"ह्यांनी," ती म्हणाली. "गेल्यावर शिकवून गेली."

संध्याकाळी सर्जनचा फोन आला. बोट जोडलं होतं, रंग धरत होतं. "सगळं उत्तम आणलंत," ते डॉक्टरांना म्हणाले, "फक्त एक सांगा, ऑपरेशन थिएटरमध्ये गुलाबाचा वास कशाचा येत होता?"

तर अशा या मथुरामावशी. वय पन्नाशीच्या पुढं, किती पुढं ते त्यांनाही माहीत नव्हतं. अठरा बायकांची त्यांची टोळी होती, त्यांना धरून अठरा. कांदा लावायचा, कांदा काढायचा, गहू सोंगायचा, सोयाबीन मळायचं, द्राक्षाची डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, करायची. पंचक्रोशीतला शेतकरी आधी मथुरामावशींची तारीख घेई, मग घरच्या लग्नाची धरी.

त्यांची स्वतःची बोटं कशी गेली ते त्यांनी मला दुसऱ्या भेटीत सांगितलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आल्या होत्या. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये गेली होती, लग्न होऊन चार वर्षं झाली होती तेव्हा. गवताची पेंढी आत सारताना हात पुढं गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? मला घरच्यांनी उचललं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, बोटं आणली का? माझा दीर पळत घरी गेला बोटं हुडकायला." त्या थांबल्या. डोळ्यांत काहीतरी चमकलं. "तर एक कोंबडीनं नेलं व्हतं."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"खरं सांगते! दीर तिच्यामागं पळतोय, ती गोठ्यातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून छपरावर. सासू बोंबलतीये, अरे सुनेचं बोट गेलं, सुनेचं बोट गेलं. सगळी गल्ली कोंबडीमागं. नाय सापडली. दुसरं बोट कुट्टीतच बारीक झालं, ते बैलानं..." त्यांनी हात झटकला. "जाऊ दे, तू जेवली नसशील अजून."

"आणि कोंबडी?"

"ती सात वर्षं जगली. सासू म्हणायची कापू, मी कापू देईना. कशी कापू? अंगाची झाली ना ती आता!"

आणि मग त्या अशा हसल्या, की बाहेरच्या बाकावर ताप मोजायला बसलेला म्हातारा थर्मामीटर तोंडातून काढून हसायला लागला. काय विनोद झाला ते त्याला माहीतसुद्धा नव्हतं. मथुरामावशींच्या हसण्याची तशी लागणच होई. सुरुवात गुरगुरण्यासारखी, मग खांदे हलायचे, मग पंचा सुटायचा, आणि शेवटी त्या समोरच्याच्या दंडावर अशी थाप मारायच्या की त्याला आमच्याकडे दाखवावं लागे.

टोळीत त्यांचे कायदे होते. पदर शर्टाच्या आत. वेणी पंच्याच्या आत. मशीनजवळ बांगडी नाही, गळ्यात काही लोंबतं नाही, कानात फोनची वायर तर नाहीच. मशीन चालू असेल तेव्हा एक बाई फक्त ट्रॅक्टरच्या बंद करायच्या दांडीपाशी उभी राहणार. तिनं दुसरं काही करायचं नाही, गप्पासुद्धा मारायच्या नाहीत. शेतकरी कुरकुरायचे, एक बाई नुसती उभी? मावशी म्हणायच्या, "मशीनला आई नसते, दादा. कुणी रडलं म्हणून ते थांबत नाय. थांबवणारं माणूस आपणच उभं करावं लागतं."

घाई केलेली त्यांना खपायची नाही. "घाई कुणाला असती? यमाला. त्याचं काम तू कशाला करतीस?" हे त्या दिवसातून वीसदा म्हणायच्या.

शर्ट मात्र सगळे त्यांच्या नवऱ्याचे, निवृत्तीबाबांचे. टोळीत नवी बाई आली की मावशी घरातला एक शर्ट आणून तिच्या अंगावर चढवायच्या. निवृत्तीबाबा गरीब स्वभावाचे. मी तिथं होते तेवढा काळ त्यांना बनियनवरच पाहिलं. एकदा केंद्रात बीपी दाखवायला आले तर टोळीतल्या दोघी औषधाच्या रांगेत उभ्या होत्या. बाबा त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाले, "सिस्टर, तो निळा चौकटीचा माझ्या साखरपुड्याचा हाय."

आणि संध्याकाळी काम सुटलं की हजेरी. हजेरी बायकांची नव्हे, बोटांची. "हात वर!" सगळ्या दोन्ही हात वर करून उभ्या राहत. मावशी ओळीतून चालत जायच्या आणि शेवटी जोरात जाहीर करायच्या, "एकशे अठ्ठ्याहत्तर!" नवा शेतकरी असला की बोटांवर हिशेब करी, अठरा दाही एकशे ऐंशी, दोन कमी कशी? मग मावशी आपला डावा हात त्याच्या नाकापुढं नाचवत.

आता बापूंची गोष्ट. बापू म्हणजे आमच्या गावचे मोठे बागायतदार. मिशा मोठ्या, आवाज मोठा, ट्रॅक्टर त्याहून मोठा. त्यांच्या हडंब्याच्या फिरत्या पट्ट्यांवर कंपनीनं लोखंडी जाळी दिली होती, ती बापूंनी पहिल्याच वर्षी काढून टाकली होती. का, तर ग्रीस करताना आड येते. मावशींची टोळी गव्हाच्या मळणीला गेली, मावशींनी मशीनला एक प्रदक्षिणा घातली आणि टोळीला म्हणाल्या, "बसा गं लिंबाखाली."

अठरा बायका लिंबाखाली बसल्या.

"काय झालं?" बापू.

"जाळी कुठं हाय?"

"जाळीचं काय लोणचं घालायचंय? दहा वर्षं बिनजाळीचं चालवतोय मी."

"दहा वर्षं तुमचं नशीब चालवत व्हतं. आज आम्ही चालवणार. जाळी आणा."

नेमकं त्याच वेळी चांदवडच्या डोंगराकडून आभाळ भरून यायला लागलं. मार्चमधलं अवकाळी आभाळ. कापलेला गहू खळ्यावर ढिगानं पडलेला. बापू एकदा आभाळाकडे बघत, एकदा लिंबाकडे. लिंबाखाली फुगड्या सुरू झाल्या होत्या. हे मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. लसीकरणाला त्याच वस्तीवर गेले होते. मावशी कमरेवर हात ठेवून उखाणे घालत होत्या आणि प्रत्येक उखाण्यात बापूंच्या मिशा येत होत्या.

"अगं बाई, गहू भिजंल माझा!" बापू शेवटी ओरडले.

"गहू वाळतोय परत. बोट उगवत नाय."

"अरे पण ती जाळी आता सापडायची कुठं? दहा वर्षं झाली!"

तेवढ्यात घराच्या गच्चीवरून बापूंच्या पत्नी, जिजाकाकू, ओरडल्या, "थांबा थांबा! ती चौकोनी लोखंडी? हिरव्या रंगाची? तिच्यावर तर मी कुरडया वाळत घालते!"

सगळ्या खळ्याच्या माना गच्चीकडे वळल्या. मग मावशींचं गुरगुरणं सुरू झालं, आणि आम्हाला कळलं की आता काही खरं नाही. बापूंच्या गड्यांपासून माझ्या लसीच्या डब्यापर्यंत सगळं हसायला लागलं. बापू स्वतः गच्चीवर चढले. वरून काकूंचा आवाज, "सांभाळून! तुटतील माझ्या!" बापू जाळी आडवी धरून जिना उतरले, वर कुरडयांची रांगोळी तशीच. खाली अठरा बायकांनी कुरडया परातीत काढल्या, जाळी मशीनवर बसली, आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत गहू घरात गेला. इतक्या वेगानं मळणी झालेली बापूंनीही पाहिली नव्हती. जाताना मावशींनी कुरडया तळून मागितल्या. जिजाकाकूंनी तळल्या. काकू पुढं म्हणाल्या, "मी दहा वर्षं सांगतेय, ही कशाची तरी असणार. माझं ऐकतंय कोण?"

एकदा एक साहेब आले, शेतीतली सुरक्षा या विषयावर व्याख्यान द्यायला. मंदिराच्या सभामंडपात पडदा लावला. साहेब तरुण, चांगले, तळमळीनं बोलणारे. गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. टोळी पुढं बसलेली. साहेबांनी 'यांत्रिक उपकरणे हाताळताना घ्यावयाची दक्षता' असं सुरू केलं आणि चौथ्या वाक्याला तीन बायका पेंगल्या. मावशी उठल्या, पुढं गेल्या आणि "साहेब, जरा ऱ्हावा" म्हणत त्यांच्या गळ्यातली फीत दोन बोटांत पकडून मनगटाला भराभर गुंडाळायला लागल्या. एक वेढा, दोन वेढे, तीन. साहेब वाकत वाकत मावशींच्या मुठीशी येऊन टेकले, नाकाला नाक.

"बघितलं का गं पोरींनो?" साहेबांना तसंच धरून मावशी म्हणाल्या. "मी हळू गुंडाळलं. ट्रॅक्टरच्या मागचा, मशीन फिरवणारा दांडा, तुम्ही 'अगं' म्हणायच्या आत असं करतो. आता साहेब काय करतील?"

"सोडा," साहेब म्हणाले.

"दांडा सोडत नाय, साहेब."

कुणी पेंगलं नाही त्यानंतर. साहेब दिलदार निघाले. फीत काढून खिशात ठेवली आणि पुढचं सगळं मावशींना मध्ये मध्ये विचारून सांगितलं. शेवटी हातमोजे, चष्मे, मास्क वाटले. चष्मे लावून बायकांनी इतके फोटो काढले की साहेबांच्या फोनची बॅटरी संपली. मावशींनी डावा मोजा घातला, दोन बोटं रिकामी लोंबायला लागली. साहेबांना अवघडल्यासारखं झालं. "मावशी, तुमच्या मापाचा करून पाठवतो."

"नको नको," मावशी म्हणाल्या, "लय कामाचे हायेत हे." आणि त्यांनी एकात सुपारी भरली, दुसऱ्यात लवंगा.

हे सगळं सांगताना मला वाटायला लागतं की मावशी म्हणजे चालती जत्रा होत्या. होत्याच. पण एक दिवस मी त्यांना वेगळं पाहिलं.

सोयाबीनच्या मळणीचे दिवस होते. शेजारच्या वाडीत टोळीचं काम चालू होतं. दुपारी चारला केंद्राबाहेर एकदम गलका झाला. मी बाहेर आले तर अख्खी टोळी, भुश्शानं माखलेली, एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत येत होती. हसणं थांबेचना. मध्ये चंद्रकला, टोळीतली सगळ्यात लहान, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. तिच्या अंगावर वर बाबांचा पांढरा शर्ट आणि खाली जरीकाठाचा जांभळा शालू. केसांत सोयाबीनची टरफलं.

"लग्न कुणाचं?" मी विचारलं. आणि परत सगळ्या हसायला लागल्या. एक तर पायरीवरच बसली.

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. चहा पिऊन सगळ्या परत काम सुरू करत होत्या. ट्रॅक्टर नुकताच चालू केला होता, मागचा दांडा फिरायला लागला होता. खाली पडलेली पाटी उचलायला चंद्रकला वाकली आणि तिच्या साडीचा खालचा सुटलेला काठ दांड्यात गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. तशी ओढली गेली. मावशींनी मागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि पाय रोवले. मावशींना दुसरीनं धरलं, दुसरीला तिसरीनं. आणि दांडीपाशी नुसती उभी असलेली शांताबाई, जिला शेतकरी रोज नावं ठेवायचा, तिनं दांडी खेचली. ट्रॅक्टर बंद पडला. तोवर साडी सगळी दांड्यावर, आणि चंद्रकला शर्ट-परकरात, मावशींसकट भुश्शाच्या ढिगात.

"कुणी काय बोलंना," शांताबाई सांगत होत्या. "पाखरू बोलंना. मला वाटलं गेली पोर. आन् मग भुश्शातून हिचा आवाज आला..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मावशी, साडी नवी व्हती ना!'"

परत हशा. चंद्रकला पण हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. शेतकरी बिचारा इतका घाबरला, की घरात धावत जाऊन पोरीला नेसायला जी साडी पहिली हाताला लागली ती घेऊन आला. ती त्याच्या बायकोच्या लग्नातला शालू निघाला. "आता ती त्याला घरात घेती का बघायचं!"

चंद्रकलाच्या कमरेला खरचटलं होतं, मांडीवर वळ होता. बाकी काही नाही. मी मलमपट्टी केली, डॉक्टरांनी तपासलं, बायका तिला मिरवत घरी घेऊन गेल्या.

मावशी गेल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या. मी बीपी मोजायला त्यांचा हात धरला तर तो थरथरत होता. थांबेचना. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला, तर दोन्ही थरथरायला लागले.

"मावशी?"

"माझी मोठी जाऊ," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "अशीच. अशीच दांड्यात गेली, साडी धरून. मी तिथंच व्हते, शिस्टर. मला बंद करता येत नव्हतं. कुठली दांडी वढायची ते माहीत नव्हतं. मी नुसती ट्रॅक्टरवर हात मारत बसले, थांब म्हणून, थांब म्हणून."

 मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. आठ बोटं माझ्या दहा बोटांत हळूहळू शांत होत गेली.

"आज थांबला," त्या म्हणाल्या. मग नाक पुसलं. "चहा पाज आता. साखर घाल, डॉक्टर बघत नाय तवर."

त्यानंतर मावशींच्या डोक्यात एक खूळ शिरलं. खूळ म्हणणारं गाव होतं, मी नाही. बायकांच्या बचत गटानं छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं होतं. चालवायला कुणी गडी ठेवू, अशी चर्चा चालली होती. मावशी बैठकीत उठल्या आणि म्हणाल्या, "मी चालवीन."

"मावशी, तुमचं वय!" कुणीतरी म्हणालं.

"ट्रॅक्टर मला उचलून न्यायचाय का? मी त्याच्यावर बसणार हाय."

शिकवायला शोरूमचा एक माणूस यायचा. चार दिवसांनी तो डोकं धरून आमच्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला आला. "सिस्टर, त्या बाई चार दिवस झाले फक्त बंद करायला शिकतायत. चालू केला की बंद. चालू केला की बंद. मी म्हणतो मावशी, गिअर टाकू. त्या म्हणतात, आधी डोळे मिटून बंद करता येऊ दे. काल डोळ्याला पंचा बांधून बंद केला. आज म्हणतात, आता उजवा हात पाठीशी बांध!"

परवान्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं. मावशी केंद्रात आल्या, धुतलेलं लुगडं, कपाळावर नवं कुंकू. आमच्या डॉक्टरांनी नजर तपासली, कान तपासले, गुडघे ठोकले. मग डाव्या हातापाशी अडले.

"मावशी, पकड बघावी लागेल. स्टिअरिंग नीट धरता येतं ना?"

"द्या हात."

डॉक्टरांनी हात दिला. मावशींनी तो तीन बोटांत धरला आणि आवळला. डॉक्टरांचा चेहरा आधी हसरा, मग विचारी, मग लाल. मग ते खुर्चीतून अर्धवट उठले.

"मावशी... बस... मावशी!"

"अजून थोडी हाय पकड," मावशी म्हणाल्या.

"सिस्टर, शिक्का आणा!" डॉक्टर ओरडले. प्रमाणपत्रावरची सही वाकडीतिकडी आहे, ती त्यामुळं. दोन दिवस ते डाव्या हातानं लिहीत होते.

पुढं महिन्याभरात माझी बदली नांदगावला झाली. निघायच्या दिवशी मावशींना भेटायला त्यांच्या घरी गेले. निवृत्तीबाबा ओट्यावर बनियनवर बसले होते. "ती रानात हाय," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा एकटी चालवणार. मला म्हणाली घरीच ऱ्हा, तू बघितलं तर मला हसू येईल." मी थोडा वेळ थांबले, पण एसटीची वेळ झाली होती. सामान घेऊन स्टँडवर गेले, चुकल्यासारखं वाटत होतं. रडू येत होतं म्हणा.

एसटी गावाबाहेर पडली. वळणाच्या पुढं रस्त्याला लागून कांदा काढलेलं मोकळं रान होतं, आणि त्या रानात बचत गटाचा नवा लाल ट्रॅक्टर. अगदी हळू, बैल चालावा तसा. वर मथुरामावशी, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, पाठ ताठ, नजर समोर. बांधावर टोळी रांगेनं उभी, चांगली दूर, सगळ्या नाचत होत्या, टाळ्या पिटत होत्या. शांताबाईंनी शिट्टी मारली. चंद्रकला बांधावरून ट्रॅक्टरबरोबर पळत होती, पोट जरा पुढं आलेलं. ते मला तेव्हाच कळलं.

"मावशी!" मी ओरडले. एसटीची काच वर ढकलली, अर्धी बाहेर वाकले आणि दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागले. "मावशी! मी चालले! मावशी!"

एसटीतले सगळे बघायला लागले. बांधावरच्या बायकांनी मला पाहिलं, त्यांचे हात वर झाले. मावशींनीही पाहिलं. ट्रॅक्टर आणि एसटी थोडा वेळ शेजारी शेजारी चालत होते, मध्ये फक्त बांध. मावशींचे दात दिसले, खांदे हलायला लागलेले दिसले. पण हात हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तिथंच राहिले.

आवाज मात्र इंजिनावरून, एसटीवरून, सगळ्या रानावरून आला.

"हात आत घे गं बाई! हात आत घे आधी!"

मी हात आत घेतले.